व्हीसीडी, डीव्हीडी, ब्लू-रे: हातातली डिस्क नेमकी कशात चालेल?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक खोका खाली उतरतो. आत रबरबँड लावलेली पंचवीस-तीस पाकिटं. काहींवर मार्करने ‘ताईचं लग्न, भाग २’ असं खरडलेलं, काही दुकानातून आणलेले सिनेमे, दोन-तीन अमेरिकेतल्या मावसभावाने दिलेले. दिसायला सगळ्या सारख्याच: १२ सेंटिमीटर रुंद, मधे भोक, एक बाजू चकचकीत. घरातला जुना प्लेअर निम्म्या घेतो आणि निम्म्या ‘नो डिस्क’ म्हणत परत करतो. मग घरात निकाल लागतो, ‘सीडी खराब झाली.’ पुष्कळदा सीडी ठणठणीत असते, ती चुकीच्या यंत्रात गेलेली असते.

हा लेख त्या खोक्यासाठी आहे. शिवाय ॲपवरून आवडता सिनेमा एके दिवशी गायब झाला म्हणून ज्यांना आता डिस्क जमवायची हौस आली आहे, त्यांच्यासाठीही. खरेदीला निघताना बहुतेक जण चित्र किती छान दिसेल ते आधी विचारतात. मी सांगेन, आधी विचारा की ही डिस्क माझ्याकडच्या यंत्रात चालेल का, आणि ते यंत्र बिघडलं तर दुसरं मिळेल का. डिस्कच्या सगळ्या भांडणांत ग्राहकाचे पैसे बुडाले ते या दुसऱ्या प्रश्नापायी.

आधी ओळख पटवा

पाकिटावर किंवा डिस्कच्या छापील बाजूवर बारीक चिन्ह असतं, ते शोधा. डीव्हीडीचं आणि ब्लू-रेचं चिन्ह लगेच कळतं. व्हीसीडीवर मात्र कॉम्पॅक्ट डिस्कचंच चिन्ह असतं आणि खाली ‘डिजिटल व्हिडिओ’ एवढीच ओळ, त्यामुळे ती गाण्यांची सीडी समजून बाजूला पडते.

चिन्ह नसेल तर डिस्क कॉम्प्युटरमध्ये घाला आणि आत कोणतं फोल्डर आहे ते पाहा. ‘एमपीईजीएव्ही’ नावाचं फोल्डर आणि त्यात ‘डॅट’ फायली दिसल्या तर व्हीसीडी. ‘व्हिडिओ टीएस’ दिसलं तर डीव्हीडी. ‘बीडीएमव्ही’ दिसलं तर ब्लू-रे. साधा डीव्हीडी ड्राइव्ह ब्लू-रे वाचूच शकत नाही, तेव्हा चांगल्या ड्राइव्हला डिस्क रिकामी वाटत असेल तर ती ब्लू-रे असण्याचा संशय घ्या.

असं का होतं, तर आतला लेझर वेगळा. सीडी आणि व्हीसीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त किरण लागतो, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल, ब्लू-रेला ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा. तरंग जितका आखूड तितकी बारीक अक्षरं वाचता येतात. म्हणून तेवढ्याच आकाराच्या सीडीत सुमारे ७०० एमबी, एकपदरी (म्हणजे माहितीचा एकच थर असलेल्या) डीव्हीडीत ४.७ जीबी आणि एकपदरी ब्लू-रेत २५ जीबी मावतात. नव्या यंत्रात जुने लेझरही बसवता येतात, म्हणून ब्लू-रे प्लेअर डीव्हीडी चालवतो. उलट कधीच होत नाही.

व्हीसीडीबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे सर्वांत मोठा ढीग तिचाच निघतो. तिचे नियम १९९३ मध्ये ठरले. एका डिस्कवर ७४ मिनिटं, म्हणून हिंदी-मराठी सिनेमा दोन किंवा तीन डिस्कांत यायचा आणि मध्यंतर आपोआप सांभाळलं जायचं. चित्र व्हीएचएस कॅसेटइतपतच. अमेरिकेने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, आशियाने मात्र डोक्यावर घेतली. आपल्याकडे मोझर बेअर या कंपनीने २००७ च्या सुमारास २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा फुटपाथवरच्या चोरट्या मालाशी अधिकृत माल पहिल्यांदाच भावात भिडला. आजचा तोटा असा, की अनेक ब्लू-रे प्लेअर डीव्हीडी आनंदाने चालवतात पण व्हीसीडी नाकारतात. प्लेअर घेण्यापूर्वी माहितीपुस्तिकेत ‘व्हीसीडी’ हा शब्द स्पष्ट छापलाय का ते पाहा. दुकानदाराच्या ‘सगळं चालतं साहेब’ला अर्थ नाही.

सगळ्यात आधी लग्नाच्या सीड्या

सिनेमाची डिस्क गेली तर दुसरी मिळेल. ताईच्या लग्नाची मिळणार नाही. म्हणून पुढचं काहीही वाचण्याआधी खोक्यातल्या घरगुती डिस्क वेगळ्या काढा.

बाजारातल्या डिस्कवर माहितीचे बारीक खड्डे साच्यातून दाबलेले असतात. फोटो स्टुडिओने दिलेल्या डिस्कवर मात्र रंगाचा एक पातळ थर असतो आणि लेझरने तो ‘जाळून’ त्यावर लिहिलेलं असतं. हा थर उन्हाने, उष्णतेने, दमटपणाने फिका पडतो. स्वस्त कोऱ्या डिस्क तर काही वर्षांतच मान टाकतात. खालची बाजू हिरवट, निळसर किंवा जांभळी दिसली तर ती अशी जाळलेली डिस्क समजा.

लग्नाच्या व्हीसीडीला कुलूप नसतं. कॉम्प्युटरवर ‘डॅट’ फाइल सरळ हार्ड डिस्कवर ओढा, व्हीएलसी प्लेअर ती उघडतो. डीव्हीडी असेल तर ‘व्हिडिओ टीएस’ हे अख्खं फोल्डर उचला. त्यातल्या ‘व्हॉब’ फायलींचे सुमारे एकेक जीबीचे तुकडे असतात, त्यांची नावं बदलू नका, क्रम बिघडतो. मध्येच कॉपी अडकली तर ड्राइव्ह बदलून पाहा. एका लॅपटॉपने नाकारलेली डिस्क दुसऱ्याने निमूट वाचल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे, आणि जुने जाडजूड ड्राइव्ह या कामात नव्या पातळ ड्राइव्हपेक्षा सरस निघतात असा माझा अनुभव आहे.

८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्क निघाल्या तर त्या हँडीकॅमच्या असतील. कॅमेऱ्यातच त्या ‘फायनलाइज’ कराव्या लागत, आणि ते राहिलं असेल तर इतर यंत्रांना त्या कोऱ्या वाटतात. तो कॅमेरा अजून घरात असेल तर चार्जर शोधा, फायनलाइज करा, मग कॉपी करा. एक धोका मात्र टाळा: डिस्क फटीतून आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये छोटी डिस्क घालू नका. ती आतच राहते.

डीव्हीडीच्या कोऱ्या डिस्कवर ‘वजा आर’ किंवा ‘अधिक आर’ लिहिलेलं दिसेल. तेही एक भांडणच होतं, दोन वेगळ्या गटांच्या कंपन्यांचं. त्यात कोणीच हरलं नाही, कारण दोन्ही चालवणारे ड्राइव्ह बाजारात आले आणि लोकांना फरक आठवेनासा झाला. सगळी भांडणं अशी मिटली असती तर हा लेख निम्मा झाला असता.

मावसभावाची डिस्क का चालत नाही

इथे दोन वेगळी कुलपं आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिलं विभागाचं. सिनेमा कंपन्यांनी जग वाटून घेतलं, म्हणजे एका देशात आधी निघालेली डिस्क दुसरीकडे चालू नये. डीव्हीडीसाठी अमेरिका-कॅनडा विभाग १, युरोप, जपान आणि आखाती देश विभाग २, ऑस्ट्रेलिया ४, भारत ५. ब्लू-रे आली तेव्हा वाटणी सुटसुटीत झाली: अमेरिका, जपान, आग्नेय आशिया ‘ए’, युरोप, आखात, ऑस्ट्रेलिया ‘बी’, आणि आपण चीन-रशियासोबत ‘सी’. पाकिटाच्या मागे छोट्या पृथ्वीगोलावर आकडा किंवा षटकोनात अक्षर असतं, ते बघून मगच पैसे द्या. भारतातल्या कित्येक सिनेमांच्या डीव्हीडी सर्व विभागांसाठी मोकळ्या असतात. हॉलिवूडच्या असतील तर जपून.

कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हला विभाग बदलायची मुभा पाच वेळा मिळते. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. ‘बदलून तर बघू’ म्हणत चार संधी वाया घालवणारे मित्र मला माहीत आहेत.

दुसरं कुलूप दूरदर्शनच्या जुन्या पद्धतीचं. भारतात पॅल, सेकंदाला २५ चौकटी. अमेरिकेत एनटीएससी, सेकंदाला जवळपास ३०. आपल्याकडचे प्लेअर आणि टीव्ही बहुधा दोन्ही दाखवतात, अमेरिकेतले अनेक फक्त एनटीएससी. म्हणून पुण्याच्या स्टुडिओत बनलेली लग्नाची डीव्हीडी न्यू जर्सीतल्या काकूंना पाठवली की तिकडून फोन येतो, ‘काहीच दिसत नाही गं.’ त्या डिस्कवर विभागाचं कुलूप नसतंच, अडचण पॅलची असते. काकूंना सांगा, टीव्हीखालच्या प्लेअरऐवजी कॉम्प्युटरवर लावा. कॉम्प्युटरला पॅल-एनटीएससीने काही फरक पडत नाही.

दोन निळ्या लेझरांची लढाई

हा भाग घाईत असाल तर सोडून द्या. पण पुढच्या वेळी कोणी ‘नवीन फॉरमॅट’ विकायला आला की काय करायचं, हे यातूनच कळतं.

डीव्हीडीच्या वेळी युद्ध होता होता टळलं. १९९५ मध्ये एका बाजूला सोनी-फिलिप्स आणि दुसऱ्या बाजूला तोशिबा-टाइम वॉर्नरचा गट, दोघांच्या वेगवेगळ्या डिस्क तयार होत्या. कॅसेटच्या काळातलं बीटामॅक्स आणि व्हीएचएसचं भांडण सगळ्यांना आठवत होतं. कॉम्प्युटर कंपन्यांनी, विशेषतः आयबीएमने, दोघांना एकाच टेबलावर बसवलं आणि एकच डीव्हीडी निघाली. नोव्हेंबर १९९६ मध्ये ती जपानच्या दुकानांत आली. एकच फॉरमॅट असल्याने लोकांनी निर्धास्तपणे घेतली.

दहा वर्षांनी एचडी चित्राची वेळ आली तेव्हा कोणी ऐकलं नाही. तोशिबाची एचडी डीव्हीडी मार्च २००६ च्या अखेरीस जपानमध्ये आणि एप्रिलमध्ये अमेरिकेत आली, जूनमध्ये अमेरिकेत ब्लू-रे. दोन्हींत लेझर तोच निळसर, चित्र जवळपास तेच. फरक डिस्कच्या बांधणीत. एचडी डीव्हीडीत माहितीचा थर डीव्हीडीप्रमाणेच ०.६ मिलिमीटर आत होता, म्हणून डीव्हीडीच्या कारखान्यांत थोडे बदल करून ती काढता येई. पण एका पदरात १५ जीबीच मावत. ब्लू-रेने तो थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर आणला, त्यामुळे २५ जीबी मावले. बदल्यात ओरखड्यांची भीती आली आणि त्यावर कडक लेपाचा उपाय शोधावा लागला.

तोशिबाचा पहिला प्लेअर अमेरिकेत ४९९ डॉलरला, सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर ९९९ ला. भावाने विचार करणारा साहजिकच एचडी डीव्हीडीकडे वळला. पण सिनेमे दोन तंबूंत विभागले होते. सिनेमा कंपन्यांपैकी युनिव्हर्सल फक्त एचडी डीव्हीडीकडे, डिस्ने आणि फॉक्स फक्त ब्लू-रेकडे. पॅरामाउंट आधी दोन्हीकडे होती, ऑगस्ट २००७ मध्ये फक्त एचडी डीव्हीडीकडे गेली. म्हणजे आवडीचे सगळे सिनेमे बघायचे तर दोन प्लेअर घ्या. एलजीने दोन्ही चालवणारा प्लेअर काढला, किंमत ११९९ डॉलर. वॉर्नरने एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला ते अशी डिस्क जाहीर केली, ती दुकानात आलीच नाही.

मधल्या काळात सोनीने नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ मध्येच ब्लू-रे बसवून विकलं. पोरांनी खेळासाठी घेतलेलं यंत्र घरोघरी ब्लू-रे प्लेअर झालं. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नरने आपण यापुढे फक्त ब्लू-रे काढणार असं जाहीर केलं. पुढच्या दोनच दिवसांत लास व्हेगासच्या प्रदर्शनातली एचडी डीव्हीडी गटाची पत्रकार परिषद रद्द झाली. फेब्रुवारीत तेव्हा डिस्क भाड्याने देणारी नेटफ्लिक्स आणि बेस्ट बाय, वॉलमार्ट ही मोठी दुकानं एकामागून एक बाजूला झाली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने हात टेकले. २००९ मध्ये तोशिबा स्वतःच ब्लू-रे प्लेअर काढायच्या तयारीला लागली.

ज्यांनी एचडी डीव्हीडी घेतली होती त्यांचं काय झालं? डिस्क त्याच रात्री मेल्या नाहीत, प्लेअर जिवंत होता तोवर चालल्या. वॉर्नरने पुढे डिस्कमागे ४.९५ डॉलर घेऊन त्या ब्लू-रेवर बदलून देण्याची योजना आणली. पण नवे सिनेमे बंद, नवे प्लेअर बंद, दुरुस्तीचा माल बंद. जे २२ महिने जुन्या डीव्हीडीवर समाधान मानून थांबले त्यांचं काही बिघडलं नाही, उलट त्यांना स्वस्तात ब्लू-रे मिळाली. माझा नियम तेव्हापासून एकच: दोन गट भांडत असतील तर सिनेमे कोणाकडे आहेत ते मोजा, आणि मोजणी बरोबरीत सुटली तर घरी बसा.

याहून वाईट नमुना अमेरिकेतच १९९८ मध्ये येऊन गेला. डिव्हएक्स नावाची डिस्क साडेचार डॉलरला घ्यायची, पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तास बघायची, पुढे बघायचं तर पुन्हा पैसे. प्लेअर टेलिफोनच्या तारेवरून कंपनीला विचारून मगच चित्र दाखवायचा. वर्षभरात धंदा गुंडाळला आणि २००१ मध्ये ती विचारणा करण्याची सोयच बंद झाली. जी डिस्क चालण्यापूर्वी कोणाची तरी परवानगी मागते, ती तुमची नव्हे. (तुमच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरवर याच नावाचं चिन्ह असेल तर दचकू नका. तो नंतर आलेला व्हिडिओ फायलींचा प्रकार, त्याचा या डिस्कशी संबंध नाही.)

आज प्लेअर घ्यायचा तर

सध्याची सर्वांत वरची पायरी म्हणजे २०१६ मध्ये आलेली ४के अल्ट्रा एचडी ब्लू-रे, काळ्या कडेच्या पाकिटातली. ती साध्या ब्लू-रे प्लेअरमध्ये चालत नाही. ४के प्लेअर मात्र ब्लू-रे आणि डीव्हीडी दोन्ही चालवतो, म्हणून परवडत असेल तर तोच घ्या. आणखी एक सुख: ४के डिस्कला विभागाचं कुलूप नाही. लंडनहून आणा, टोकियोहून आणा. पण त्याच पाकिटात जोडीला दिलेल्या साध्या ब्लू-रेला ते असू शकतं.

बाजार आकसतो आहे हे खरं. ओप्पोने २०१८ मध्ये, सॅमसंगने २०१९ मध्ये अंग काढून घेतलं, एलजीनेही प्लेअर थांबवले. मोठ्या नावांत सोनी आणि पॅनासोनिक उरल्या. २०२५ च्या सुरुवातीला सोनीने ब्लू-रे बंद केली अशी बातमी फिरली, ती घरी रेकॉर्ड करायच्या कोऱ्या डिस्कबद्दल होती, सिनेमांबद्दल नव्हे.

घरात गेम खेळणारं कोणी असेल तर आधी त्यांच्या यंत्राकडे बघा. डिस्कची फट असलेलं प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स ४के डिस्क चालवतात. प्लेस्टेशन ४ चालवत नाही, त्याचं ‘प्रो’ रूपही नाही. कॉम्प्युटरवर ४के डिस्क चालवायच्या भानगडीत पडू नका: त्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमधली जी सुरक्षा सोय लागते ती इंटेलनेच ११व्या-१२व्या पिढीपासून काढून टाकली.

टीव्ही जुना, लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा असेल तर नवा प्लेअर घेऊ नका. २०१३ नंतर बनलेल्या ब्लू-रे प्लेअरना चित्रासाठी त्या पिना नसतातच, फक्त एचडीएमआय.

दुकानात ‘डॉल्बी व्हिजन की एचडीआर १० प्लस’ असा नवा सामना ऐकू येईल. दोन्ही एचडीआरचे, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवण्याच्या तंत्राचे प्रकार. सॅमसंगचे टीव्ही डॉल्बी व्हिजन घेत नाहीत, वगैरे. यात झोप उडवू नका. एचडीआर असलेल्या प्रत्येक ४के डिस्कवर साधं एचडीआर १० असतंच, बाकी दोन्ही त्यावरची साय. चुकीच्या टीव्हीवरही डिस्क चालणार, थोडी साय कमी.

आणि इतका खटाटोप का? डीव्हीडीत चित्रासाठी सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट, ब्लू-रेत ४०, ४के डिस्कवर सगळं मिळून १२८ पर्यंत. नेटफ्लिक्स ४के साठी १५ मेगाबिटचं इंटरनेट पुरतं म्हणते. अंधाऱ्या प्रसंगात, पावसात, धुक्यात हा फरक डोळ्यांना दिसतो. दिवसाउजेडीच्या गप्पांच्या सिनेमात नाही दिसत, तिथे डीव्हीडीही पुष्कळ झाली.

जपणूक आणि जुना बाजार

सीडी-व्हीसीडीचा माहितीचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो. म्हणून नावाच्या बाजूने बॉलपेनने लिहिणं किंवा ती बाजू खरवडणं हे खालच्या ओरखड्यापेक्षा घातक. डीव्हीडीत तो दोन पत्र्यांच्या मधोमध सुरक्षित असतो. पुसताना मऊ कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. टूथपेस्ट घासायचा घरगुती उपाय व्हीसीडीवर कधीकधी लागू पडतो, ब्लू-रेवर चुकूनही करू नका, वरचा कडक लेपच निघून जाईल. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या पाकिटांत बुरशी धरते आणि पाकीट डिस्कला चिकटतं, तिथे डिस्क डब्यात उभ्या ठेवाव्यात.

जुन्या बाजारात डीव्हीडी घेताना साल पाहा. २००६ ते २००८ या काळात बनलेल्या वॉर्नरच्या काही डीव्हीडी आतून खराब होत असल्याचं त्या कंपनीने २०२५ मध्ये स्वतः मान्य केलं. अशा डिस्क दिसायला स्वच्छ असतात आणि सिनेमाच्या मध्यावर अडकतात, तेव्हा सुरुवात बघून समाधान मानू नका, शेवटाकडचा प्रसंग लावून बघा.

जुना प्लेअर घ्यायला पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलात तर दुकानदाराची चकचकीत डिस्क लावून दाखवू देऊ नका. ‘लेन्स वीक’ झालेला, म्हणजे डिस्क वाचणारा भाग कमजोर झालेला प्लेअरही नवी डिस्क वाचतो. घरातून तीन डिस्क सोबत न्या: एक जाळलेली लग्नाची, एक दोनपदरी लांब सिनेमाची डीव्हीडी, आणि खोक्यातली सर्वांत ओरखडलेली व्हीसीडी. तिसरी चालली की मग भावाला हात घाला.